टेलरिंगच्या दुकानावरचा रविवारचा वर्ग

‘आपा गेल्या. आज वर्ग नाही.’ प्रमोदचा एवढाच निरोप आमच्या गटावर आला, तेव्हा मी बाबांचा डबा घेऊन बांधावर उभी होते. नागभीडजवळच्या आमच्या गावी धानाची कापणी सुरू होती आणि त्यासाठीच मी नागपूरच्या नोकरीतून चार दिवसांची सुट्टी काढून आले होते. रविवारची सकाळ होती. आज विचित्र वाटतं, पण माझं लक्ष आधी दुसऱ्या वाक्याकडे गेलं. वर्ग नाही म्हणजे काय? पावसात चंद्रपूरचे निम्मे रस्ते पाण्याखाली असतानाही वर्ग झाला होता. आपांना ताप असतानाही झाला होता. मग पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, आणि बांधावरच बसले...

बाबांनी माझ्या हातातल्या फोनवरचा निरोप वाचला, विळा खाली ठेवला आणि म्हणाले, “जा तू. मूलवरून जाणारी चंद्रपूरची बस सापडन अजून.” आपांना ते एकदाच भेटले होते. त्या भेटीबद्दल पुढे लिहिणारच आहे.

शमीम आपा म्हणजे जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाई. खाली त्यांचे पती युसुफभाऊ यांचं टेलरिंगचं दुकान, वर माडीवर क्लास. टाइपरायटरचे दिवस संपले तसे तिथे कॉम्प्युटर आले. मी बीसीए करायला चंद्रपूरला आले, तेव्हा आपा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि एका नव्याच विषयाच्या मागे लागलेल्या होत्या. वेबसाइट सुरक्षित कशी ठेवायची, ती फोडणारे कुठून आणि कसे शिरतात, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. कारणही तसंच घडलं होतं. कुणाकडून तरी त्यांनी क्लासची छोटीशी वेबसाइट करून घेतली होती. एक दिवस तिच्यात कुणीतरी घुसलं आणि क्लासच्या नावाखाली घाणेरडी चित्रं दिसू लागली. पालकांनी ती पाहिली. आठवड्याभरात निम्म्या मुली यायच्या बंद झाल्या. ज्याने वेबसाइट केली होती, तो फोन उचलेना. आपा मला सांगायच्या, त्या आठवड्यात त्या गल्लीतून मान खाली घालून चालत होत्या. आणि मग त्यांनी ठरवलं की, हे आपल्याला का झालं ते समजल्याशिवाय थांबायचं नाही.

इंग्रजी त्यांचं जेमतेम. टायपिंग शिकवणाऱ्या बाईला इंग्रजी अक्षरांचा वेग असतो, अर्थाचा नाही, असं त्या स्वतःच हसत म्हणायच्या. इंटरनेटवरचे धडे त्या पुन्हापुन्हा थांबवून बघत, अडलेला शब्द वहीत लिहीत आणि वाक्य उर्दूत, मग मराठीत सांगून बघत. दोन वर्षांनी त्यांना वाटलं, एकटीने शिकण्यात मजा नाही. खालच्या दुकानाच्या शटरवर त्यांनी कागद लावला : रविवारी साडेदहा वाजता वेबसाइटच्या सुरक्षेचा वर्ग, कोणीही यावं, फी नाही. पहिल्या रविवारी आम्ही तिघंच होतो. आपा, मी आणि माजरीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन असलेला प्रमोद, जो पाळी संपवून थेट आला होता आणि ज्याच्या नखांत कोळसा होता.

सरावासाठी आपांनी मुद्दाम कच्ची ठेवलेली एक वेबसाइट बनवली होती. ती एका काल्पनिक टेलरची होती आणि टेलरचं नाव युसुफ. गिऱ्हाइकांची मापं त्यात साठवलेली. जिथे नाव विचारलंय तिथे नावाऐवजी कॉम्प्युटरला दिलेला हुकूम लिहिला, आणि त्याने तो निमूट पाळला, तर काय होतं, हे आम्ही तिथे शिकलो. आम्ही आत शिरायचो आणि मापं बदलून ठेवायचो. खालून शिलाई मशीन थांबवून युसुफभाऊ ओरडून विचारत, “आज कोनाची कंबर वाढवली रे?” मग तीच फट बुजवायची, आणि दुसऱ्याने पुन्हा शिरून दाखवायचं. हळूहळू माणसं वाढली. बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ, दोन शिक्षिका, कॉलेजची मुलं... खुर्च्या संपल्या की युसुफभाऊंच्या दुकानातली कापडं कापायची फळी वर यायची आणि तिचा बाक व्हायचा.

आता ती गोष्ट, जी मी आजवर फार कुणाला सांगितली नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा एका खाजगी संस्थेच्या वसतिगृहासाठीचा अर्ज मी ऑनलाइन भरत होते. अर्ज उघडला की पडद्यावर वर वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी एक आकडा दिसायचा. वर्गात शिकलेलं डोक्यात ताजं होतं. मी आकडा एकाने वाढवून बघितला. दुसऱ्याच मुलीचा अर्ज उघडला. फोटो, गावाचा पत्ता, वडिलांचा फोन नंबर, जातीचा दाखला, सगळं. मी अजून एकाने वाढवला. मग अजून... आपण काहीतरी मोठं शोधलंय या आनंदात मी कितीतरी अर्ज उघडले आणि त्यांचे फोटो काढून पेन ड्राइव्हवर ठेवले. रविवारी वर्गात ते सगळ्यांना दाखवले. सगळे थक्क झाले. प्रमोद म्हणाला, फेसबुकवर टाकू, संस्थेची झोप उडेल.

पडद्यावर एका मुलीचा फोटो होता, गडचिरोलीकडच्या कुठल्याशा गावातली, दोन वेण्या. आपा त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“इले मालूम हाय का, तू इचं घर पाहून राह्यली म्हणून?”

मी म्हणाले, आपा, मी चोरी थोडीच केली, मी तर चूक शोधली.

“पहिला आकडा बदलला तवा चूक सापडली. दुसरा कायले बदलला?”

आपांनी मला शेजारी बसवलं आणि एकेक फोटो माझ्याच हाताने पुसायला लावला. रागावल्या नाहीत. पुसून झाल्यावर कागद घेतला आणि संस्थेच्या नावाने पत्र लिहायला बसल्या. त्यात चूक काय आहे हे होतं, ती कशी बुजवायची हेही होतं, आणि मी किती अर्ज उघडले तेसुद्धा होतं. ते शेवटचं वाक्य काढा, म्हणून मी रडले. त्यांनी काढलं नाही. पण खाली सही स्वतःची केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पत्र घेऊन संस्थेत गेलो. कार्यालयाच्या प्रमुखांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. हे हॅकिंग आहे, मी पोलिसांत देतो, म्हणाले, आणि खरंच दिलं. दुपारी आम्ही ठाण्यातल्या बाकावर बसलो होतो. नागभीडहून बाबांना बोलावून घेतलं होतं. ते आले तेव्हा धोतराला चिखल तसाच होता. माझं शिक्षण संपलं, नाव गेलं, बहिणीचं वसतिगृह गेलं, असं मी मनात मोजत होते. साहेबांनी विचारलं, हे कोणी केलं? मी तोंड उघडायच्या आत आपा उठल्या.

“साहेब, पोरगी माह्या वर्गातली हाय. हे तिले मी शिकवलं, आन् कुठी थांबाचं ते शिकवाले मी उशीर केला. नाव लिहाचं तं माह्यं लिहा.”

साहेब तरुण होते, त्यांना कुतूहल वाटलं असावं. म्हणाले, नेमकं काय झालं ते कॉम्प्युटरवर दाखवा बघू. आणि आपांनी चक्क नाही म्हटलं. संस्थेने लेखी परवानगी दिल्याशिवाय मी त्यांच्या वेबसाइटला हात लावणार नाही, म्हणाल्या. साहेब हसले, आणि त्यांनी संस्थेला फोन लावला. तासाभराने प्रमुख स्वतः आले, कुरकुरत चार ओळी लिहून दिल्या. आपांनी माझ्या बहिणीचाच अर्ज उघडला, एकच आकडा बदलला, पडद्यावर दुसरं नाव दिसताच तिथेच थांबल्या आणि लगेच बंद केलं. प्रमुखांचा आवाज बदलला. त्यांची स्वतःची पुतणीही त्या यादीत होती, हे त्यांनी तिथेच सांगितलं. तक्रार मागे घेतली गेली. आठवड्याभरात ती फट बुजली. बहिणीला प्रवेशही मिळाला. आभाराचं पत्र वगैरे आलं नाही, पण महिन्याभराने संस्थेत कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस एका रविवारी माडी चढून आला, आणि पुढे कितीतरी रविवार येत राहिला.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना बाबांनी आपांना हात जोडले. आपा म्हणाल्या, “भाऊ, पोरगी हुशार हाय. वर्ग बंद नका करू तिचा.” बाबांनी तो कधीच बंद केला नाही.

आज नागपूरच्या एका कंपनीत मी हेच काम करते. लोकांच्या वेबसाइट तपासून त्यातल्या चुका सांगायच्या. कुठल्याही कामाला हात लावण्याआधी मी परवानगीचा कागद मागते, तेव्हा नवे सहकारी मला फार कडक समजतात. मला मात्र वाटतं, मी एका बाईचं देणं रोज थोडं थोडं मान्य करतेय. ते फेडून मोकळं व्हायचं तर नाहीच आहे.

त्या रविवारी मी चंद्रपूरला पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. हृदय अचानक थांबलं, पहाटे नमाजासाठी उठल्या आणि तिथेच बसल्या, असं बायकांनी सांगितलं. मी आत त्यांच्यात बसले. प्रमोद आणि वर्गातले बाकीचे कब्रस्तानात माती द्यायला गेले. परत आल्यावर तो दाराशी उभा राहून एवढंच म्हणाला, “सगळे आले होते.” सगळे म्हणजे आजवर कधी ना कधी त्या माडीवर येऊन गेलेले सगळे, हे मला विचारावं लागलं नाही.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यानंतरच्या रविवारी युसुफभाऊंनीच निरोप पाठवला, वर्ग सुरू करा. बहुतेक रविवारी येते तशी मी नागपूरहून आले, आणि आम्ही जमलो. कोपऱ्यात आपांचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. युसुफभाऊ म्हणाले, इच्यात तिच्या वह्या असतीन, फोटोबी असतीन, पासवर्ड कोनाले मालूम नाई, तुमाले तं उघडता येते. खोलीतल्या निदान पाच जणांना ते सहज जमलं असतं. कुणी हललं नाही. प्रमोद म्हणाला, “भाऊ, तुम्ही म्हनसान तं उघडतो. तुमचाच हक्क हाय.” युसुफभाऊ म्हणाले, “तिनं मले कधी सांगतला नाई, मी कधी विचारला नाई. राहू द्या.”

तो कॉम्प्युटर तसाच आहे. दर रविवारी साडेदहाला युसुफभाऊ शिलाई थांबवून वर येतात, फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसतात आणि बटण दाबतात. पडद्यावर ‘शमीम’ एवढं नाव येतं, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. ते नाव वाचतात, कॉम्प्युटर बंद करतात आणि खाली जातात. शिलाई मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला, की आम्ही वर्गाला सुरुवात करतो.