विलंबित पायडल

डायलिसिसच्या पलंगावर पडल्या पडल्या सायकल चालवायची, असं फिजिओथेरपीच्या मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, "आणि जायचं कुठं?" मिरजेच्या त्या हॉलमध्ये आडवे पडलेले आम्ही सगळेच हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "एसटीत एकट्यानं चढता येतं का तुम्हाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

येत नव्हतंच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास रक्त मशीनमधून गाळून घेतलं, की पायांचा कापूस व्हायचा. एसटीच्या दारात मी दांडा धरून लोंबकळतोय आणि मागून बायको ढकलतेय, अशी आमची वरात गावाकडं निघायची. फौजेत पाठीवर पिठ्ठू बांधून डोंगर चढलेला माणूस मी! हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकवलं, की "फौजेत" म्हटलं की बायको उठून भांडी घासायला जायची.

खरी काळजी लेकीची होती. ती साताऱ्याला, पहिलटकरीण, सातवा महिना चालू. रिवाजानं तिनंच माहेरी यायचं, पण तिचं माहेर दिवसाआड मिरजेच्या गाडीत. म्हणून आईनंच साताऱ्याला जायचं ठरायचं आणि दर वेळी मोडायचं.

"तुमाला गाडीत चढवणार कोण?" बायको विचारायची.

तर ती सायकल. सायकल कसली, पलंगाच्या पायथ्याशी पट्ट्यानं बांधलेली नुसती दोन पायडलं. पहिल्या दोन तासांतच मारायची, सुया टोचलेला डावा हात हलवायचा नाही आणि बोलताना धाप लागणार नाही इतक्याच वेगानं, असे तीन नियम. पहिल्याच दिवशी मी तीन मिनिटांत दोन मोडले. असं पायडल हाणलं, की जोशात डावी मूठही वर गेली आणि मशीननं बोंब ठोकली. सिस्टर धावत आल्या. "आजोबा, हात! हात खाली!"

शेजारच्या पलंगावर चाचा असायचे. तंबोरे बनवण्यात त्यांची हयात गेलेली. डायलिसिससाठी हातातल्या शिरा जोडतात ना, तिथं कान लावला की आतून घूंऽऽ असा आवाज येतो. चाचा रोज मशीनवर जाण्याआधी स्वतःच्या हाताला कान लावून म्हणायचे, "जवारी शाबूत हाय." तंबोऱ्याची तार जी गुंजत राहते, ती जवारी. माझा पराक्रम बघून ते म्हणाले, "सुभेदार, गाडी सुटली काय तुमची?"

"का वो?"

"मग विलंबितात घ्या की. द्रुत मागनं येतंय आपसूक."

आणि मोकळ्या हाताच्या बोटांनी त्यांनी पलंगाच्या कडेवर ठेका धरला. त्या संथ ठेक्यावर मी पायडल मारायला लागलो. दोन आठवड्यांत जिना चढताना दम कमी लागायला लागला.

इथं माझं डोकं चाललं. ते चाललं की घरात सगळे घाबरतात. पायडल मारून घाम येतो, म्हणजे पाणी जातं, म्हणजे गेलेलं पाणी भरून काढायला हरकत नाही, असा माझा हिशेब. गुऱ्हाळ चालू होतं, ऊस आपलाच. आलं-लिंबू घालून दोन तांबे रस मारला. पुढच्या खेपेला काट्यावर उभा राहिलो, तर वजन नेहमीपेक्षा चार किलो जास्त.

डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंत?"

"काही नाही."

"रस पिलेत," बायको म्हणाली. "मिशीला फेस हुता."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की रसातलं पोटॅशियम साठलं तर हृदय उभ्या जागी थांबतं. त्या दिवशी मशीननं एवढं पाणी ओढलं, की पोटऱ्यांत गोळे येऊन मी पलंगावर वळवळलो. सायकल बंद. बाकावर बसून बायकोनं साताऱ्याला फोन लावला. "न्हाई गं बाई. एवढ्यात न्हाई जमायचं मला." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बायको बराच वेळ नुसती "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

त्यानंतर मी माझं डोकं चालवणं सोडलं. पाणी मापानं, रस बंद, आणि मॅडमनी सायकल पुन्हा चालू केल्यावर पायडल चाचांच्या ठेक्यावर, दर खेपेला, पाच आठवडे.

मग एका शनिवारी मिरज स्टँडवर बायको गाडीच्या दारापासून चार पावलं लांब उभी राहिली. हाताची घडी घालून. मी दांडा धरला, पाय टाकला आणि वर गेलो.

"उतरा," ती म्हणाली.

"का?"

"चुकून चढला असाल."

उतरलो, पुन्हा चढलो. तिनं दुसऱ्यांदा उतरवलं, तेव्हा कंडक्टर वैतागला. "आजोबा, चढायचंय का उतरायचंय, एक ठरवा की!"

"चढायचंय," मी म्हणालो आणि चढलो. माझ्या मागून ती आली. गाडी हलल्यावर तिनं लेकीला फोन लावला. "आयतवारी निघते मी... व्हय, एकटंच चढलं. तीनदा." मग पदरानं नाक पुसून ती डिंकाच्या लाडवांना काय काय न्यायचं ते मोठ्यानं आठवायला लागली. खारीक, गोडंबी, खसखस.

"खारीक साताऱ्यातबी मिळती," मी म्हणालो.

"तुमी गप बसा," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.