उपाशीपोटीची सुई

वाडीला मेहुण्याकडे बारसं होतं. मठ्ठा आम्ही दोघंही प्यालो. मला काही झालं नाही. बायकोला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या-जुलाब लागले.

तिला शाळेत असल्यापासून मधुमेह आहे. दिवसभर पुरणारं इन्सुलिन ती सकाळी टोचून घेते, जेवणाआधी वेगळं. ती सांभाळते ना, मग आपण कशाला नाक खुपसायचं, हा माझा सोयीस्कर शहाणपणा.

आमच्या घराण्यात पोट बिघडलं की लंघन. दुसरं औषधच नाही. म्हणून तिनं इन्सुलिनचं पेन मागितलं, तेव्हा मी ते कपाटात ठेवलं आणि वर आवाज चढवला.

"पोटात कण नाही. साखर धाडकन उतरंल. काहून जिवावर उठली?"

"जेवणाची सुई नको. पण सकाळची लागतेच."

मी ऐकलं नाही. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती भिंतीकडे वळली आणि मी जिंकलो, असं मला वाटलं.

दुपारी तिनं स्वतः उठून साखर तपासली. साडेतीनशे. उपाशीपोटी! मीटरच बिघडलंय, असं म्हणण्याइतका मी मूर्ख होतो. तिनं वाद घातला नाही. लघवी तपासायची पट्टी काढली. भिजवल्यावर पट्टी गर्द जांभळी झाली.

"रक्तात आम्ल साठून राहिलं. पेन द्या."

दिलं. टोचून घेतलं आणि मग तिनं डॉक्टरांना फोन लावला. साखर किती, पट्टीचा रंग कोणता, उलट्या किती, पाणीही ठरत नाही, सुई किती उशिरा घेतली, सगळं धडाधड सांगितलं. लगेच या, म्हणाले. पिशवीत फाईल, औषधं, कपडे तिनंच भरले. मधे दोनदा मोरीत जाऊन ओकून आली. मी खिशातलीच गाडीची किल्ली घरभर शोधत होतो. बाई कसली, खंबीर खडक! मला तिचा तेव्हा भयंकर अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज.

सलाईन लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "सकाळची सुई का चुकली?"

"मी घेऊ दिली नाही," मी म्हणालो.

"यांनाच समजावून सांगा," ती म्हणाली.

आजारपणात पोट रिकामं असलं तरी साखर चढते, त्यांनी सांगितलं. ही सुई बंद करायची नाही. मात्रा आम्हाला विचारून बदलायची. दर दोन-तीन तासांनी तपासणी, घोटघोट पाणी, आणि पाणी ठरेना तर थेट दवाखाना. मी नंदीबैलासारखी मान हलवत होतो.

"मान नका हालवू. म्हणून दाखवा," बायको म्हणाली.

म्हटलं. तपासणीचं विसरलो, तर तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी सिस्टर समोर उभ्या असताना तिनं पेन माझ्या हातात दिलं.

"मले उठता नाही आलं तं घरात दुसरं कोण हाय?"

मी टोपण काढलं. तिनं पोटाची कातडी चिमटीत धरून दिली. इतक्या वर्षांच्या टोचण्यांचे बारीक डाग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.