नाचाच्या मंडळातली सही

बहारीनच्या आमच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना राजकारण करायला बंदी. म्हणून तिथल्या बल्गेरियन पोरांनी मंडळ काढलं ते कागदोपत्री लोकनृत्याचं. दर शनिवारी दुपारी कॅन्टीनमागच्या हॉलमध्ये अकरा जण हात धरून गोल नाचायचे, आणि दम खायला बसले की मायदेशातलं सरकार पाडायचे. मी जायचे त्यांच्यातल्याच माझ्या मैत्रिणीमुळे. पुण्यात दोन वर्षं विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून, चिकटवून आले होते. नुसता नाच बघायला मला वेळ नव्हता.

अध्यक्ष चौथ्या वर्षाचा. कुणाची फी, कुणाचा व्हिसा, कुणाला विमानतळावरून आणायचंय, सगळीकडे हा हजर. इतका उपयोगी माणूस दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते. एके दिवशी त्यानं कागद वाटले. इथल्या राजधानीत, मनामात, त्यांच्या देशाच्या निवडणुकीचं मतदान केंद्र उघडावं म्हणून अर्ज: पूर्ण नाव, नागरिक क्रमांक, सही. प्रत्येकी दोन पानं.

"दुसरं कशाला?" मी विचारलं.

"प्रत. आणि तू बल्गेरियन कधी झालीस?"

सगळे हसले. मैत्रीणही हसली, आणि नाचून धापा टाकतच तिनं दोन्हीकडे सही ठोकली. मला ती लिपी वाचता येत नव्हती. तिला येत होती, आणि तिनं वाचलं नाही.

तिकडे निवडणूक लढवायला पक्षांना समर्थकांच्या सह्या द्याव्या लागतात. आपलं नाव कुठल्या यादीत घुसवलंय का, ते निवडणूक आयोगाच्या साइटवर नागरिक क्रमांक टाकून बघता येतं. हे कळल्यावर मी जिदहफ्स भागातल्या तिच्या खोलीवर ठाण मांडलं.

"तुझ्या डोक्यात किडे आहेत," ती म्हणाली.

"असू देत. नंबर टाक."

नाव निघालं. ज्या पक्षाविरुद्ध तिची नर्स असलेली आई थंडीत रस्त्यावर उभी राहिली होती, त्याच पक्षाच्या यादीत.

"आईला माझा नंबर पाठ आहे," ती हळूच म्हणाली. "ती घरातल्या प्रत्येकाचा तपासते."

मी लगेच पत्रकाचा मथळा सांगायला लागले.

"खलास!" ती ओरडली, म्हणजे इथल्या अरबीत 'पुरे'. "इथं पत्रक काढलंस तर आधी तुझ्या बाबांना सित्र्याच्या प्लांटवरून चौकशीला बोलावतील."

खरं होतं. माझा व्हिसा बाबांच्या तिथल्या नोकरीवर. पत्रकाचा नाद सोडला, पण संताप गिळता येत नव्हता.

शनिवारी तिनं अध्यक्षाला सगळ्यांसमोर विचारलं.

"कागद मिसळले असतील," तो म्हणाला.

"कुणाच्या कागदांत?"

त्यानं स्पीकरचा आवाज वाढवला. बाकीचे नऊ जण नाचायला उठले. मोबाईल काढून स्वतःचा नंबर टाकायची एकाचीही तयारी नव्हती. मी आजही म्हणते, त्यातल्या काहींना ठाऊक होतं.

बाहेर येऊन तिनं आईला फोन लावला. थोडं बोलून फोनवर हात ठेवला. "विचारतेय, सही कुणाची?"

"खोटी आहे म्हण. चोर आहे तो!"

तिनं खरं ते सांगितलं. मग फोन कानापासून लांब धरावा लागला. भाषा कळत नव्हती, तरी मला बरंच कळलं.

आयोगाकडची तक्रार तिनं तिथंच पायरीवर बसून मोबाईलवर भरली. मी सुचवलेलं 'बनावट सही' तिनं खोडलं. आईनं सांगितलं तेच लिहिलं: सही माझी आहे, न वाचता केली, माझा पाठिंबा नाही, नाव काढा.

"अगं, अशानं तो सुटेल!"

"सुटू दे. आईशी मला रोज बोलायचंय."