तळं उपसताना

कोल्हापूरहून निघालेली रत्नागिरीची एस.टी. आंबा घाट उतरली आणि साखरप्याच्या अलीकडे तिचं चाक बसलं. ते बदलेपर्यंत आम्ही प्रवासी रस्त्याकडेच्या फणसाखाली उभे राहिलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "रत्नांग्रीत कोणाकडं?"

"मावसबहिणीकडे."

"आंबे खायला?"

मी मान डोलावली. मागच्या पावसाळ्यात सुमनताईची मुलगी, बेबी, काविळीने गेली होती. त्यानंतर मी पहिल्यांदाच तिच्याकडे चालले होते. हे फणसाखाली उभं राहून कुणा अनोळखी बाईला कसं सांगणार?

स्टँडवर सुमनताईचे यजमान, दत्ताराम भावोजी, घ्यायला आले होते. मुंबईची गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. कुजलेल्या शेवाळाचा, मैल्याचा. ताईच्या अंगणासमोरच गावातलं जुनं तळं होतं, जांभ्या चिऱ्यांनी (कोकणातला लाल, सच्छिद्र दगड) बांधलेलं. डिझेलचा पंप धडधडत होता. पाणी जवळजवळ संपलं होतं आणि काळ्याभोर गाळात माणसं रांग करून घमेली वर देत होती. त्या रांगेत गुडघाभर चिखलात सुमनताई उभी होती.

"आलीस गो? आत जा. कळशीतलं उकळलेलं पाणी पी. विहिरीला हात लावू नको." एवढं बोलून ती पुन्हा वाकली.

दुपारी जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी (पातळ पिठलं) होती. घासागणिक तो वास नाकात येत होता. भावोजी सांगत होते, "सगळ्या आळीची गटारं तळ्यात पडायची. तेच पाणी चिऱ्यांतून झिरपून विहिरीत यायचं. बेबी गेली, मग आणखी दोघं आजारी पडली, तेव्हा कुठं माणसं जागी झाली. आता गटारं वळवलीत. पलीकडच्या चाळीचा संडासाचा पाइप तेवढा राहिलाय. मालकाने खड्डा खणून देतो म्हणून शब्द दिलाय."

ताईने माझ्या पानात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मीही रांगेत उतरले. गाळातून चपला निघत होत्या, बाटल्या, गणपतीचे पाट, मेलेले मासे. हाताचा वास साबणाने जाईना. संध्याकाळकडे मधल्या भागातला गाळ निघाला आणि खालच्या कातळाच्या भेगेतून पाणी पाझरताना दिसलं. स्वच्छ पाणी. "झरा जिता हाय!" कुणीतरी ओरडलं. माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. ताई मात्र लांबूनच बघत राहिली. मग पदराने तोंड पुसून घरात गेली.

सकाळी उठलो तेव्हा त्या झऱ्यावर मैला पसरला होता. गाळ काढेपर्यंत आळीतल्या माणसांनी चाळीचा पाइप गोणपाटं कोंबून तात्पुरता बंद केला होता, तो कुणीतरी मोकळा केला होता.

ताईने कोपऱ्यातली पहार उचलली. भावोजींनी अडवलं तर त्यांना ढकलून ती चालू लागली. मी मागून धावले. पाइपाच्या तोंडाशी चाळीतली एक बाई उभी होती, कडेवर तान्हं मूल. हमीदा तिचं नाव. नवरा मासेमारीच्या लाँचवर खलाशी होता.

"मीच काढली गोणपाटां," ती म्हणाली. "रातच्याला सगळा उलटून अंगणात आला. पोरां तितंच निजतात. आमी जायाचा कुठं?"

"माझी बेबी गेली ह्या घाणीनं!" ताई ओरडली.

"ठावं हाय, भाबी. मी आलेली तवा तुमच्या घरी."

ताईने पहार वर उचलली होती. पाइप फोडणार की काय, मला कळेना. मग तिची नजर हमीदामागच्या अंगणात गेली. तिथली फरशी अजून ओली होती आणि दोन मुलं विटांवर पाय ठेवत बाहेर येत होती. ताईने पहार जमिनीवर टाकली आणि तिथेच खाली बसली. इतक्या महिन्यांत मोठ्याने रडली नव्हती, असं भावोजी म्हणत होते. ती तेव्हा रडली. हमीदा मूल घेऊन तिच्याशेजारी बसली.

मालक मुंबईत होता आणि त्याचा निरोप येत नव्हता. म्हणून त्याच दिवशी आळीतल्या माणसांनी चाळीच्या मागे स्वतःच खड्डा घ्यायला सुरुवात केली. वरची माती निघाली आणि खाली कातळ लागला. पहारीच्या घावाला खपल्या उडत, खोली वाढत नसे. माझी रजा संपली तेव्हा खड्डा कमरेएवढाही झाला नव्हता. निघताना ताई म्हणाली, "पावसाआधी होईल गो." भाट्याच्या खाडीच्या बाजूने ढग चढत होते.

दिवाळीत ती कोल्हापूरला आली. मी तळ्याचं विचारलं.

"वास गेला. पाणी हिरवंच आहे, पण तळ दिसतो काठाला. विहिरीचं अजून कुणी पीत नाही."

"आणि हमीदा?"

"खड्डा उथळच राहिला. तळ्याकडचं तोंड बुजवून पाइप त्यातच सोडला होता. मोठा पाऊस लागला तेव्हा भरून तिच्या अंगणात आला. तिचं धाकटं हगवणीनं गेलं." मग ताई म्हणाली, "मी गेले होते. दोन दिवस तिच्याकडेच राहिले. काय बोलणार? पाइप आम्हीच बंद केला होता."

ती परत गेली त्या दिवशी सकाळी मी मोरीत पाणी ओतलं आणि घराबाहेर पडले. इतकी वर्षं ते पाणी कुठे जातं हे मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीतलं गटार मोठ्या नाल्याला मिळालं. नाल्याच्या कडेकडेने मी देवळामागे पोहोचले. तिथे तो आमच्या पेठेतल्या तळ्यात पडत होता. पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक मला बाजूला सरकून जागा देत म्हणाली, "या की, बसा."