खानावळीतल्या मावशी

बारावीच्या क्लाससाठी लातूरला राहत होते, तेव्हा मी एका मावशींच्या खानावळीत जेवायचे. त्या किल्लारीकडच्या होत्या; नाव मी कधी विचारलंच नाही. भाकरी थापता थापता त्या रोज मला म्हणायच्या, "आज काय शिकिवलं, सांग की." समजेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायच्या.

एकदा मी वैतागले. "हृदयाला कप्पे किती, हे कळून तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

त्यांचा हात थांबला. "माझी लेक धाव्वीला व्हती. शाळेतलं रोज मला सांगायची. भूकंपात गेली. ऐकायची सवय काही जाईना बघ."

मी ताट बाजूला सारलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

आता मी नांदेडला शिकवते. वर्ग भरलेला असतो, पण इतक्या ओढीनं ऐकणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.