न चालणारं इंजिन

प्रदर्शनाच्या दालनात मधोमध मोटारीचं इंजिन मांडलं होतं. मोरोक्कोतल्या कारागिरांनी त्याचा एकेक भाग हातानं घडवलेला. कुठे तांबं, कुठे पितळ, कुठे कोरीव लाकूड, कुठे उंटाचं हाड. माझ्याबरोबर आमच्या ओळखीचे तांबट दत्तोबा होते. त्यांनी जन्मभर पाणी तापवायचे बंब घडवले आणि गेल्या वर्षी दुकान बंद केलं.

दत्तोबा वाकून तांब्यावरचे हातोडीचे ठोके न्याहाळत राहिले. "इथून पुढे दुसऱ्याचा हात आहे," ते म्हणाले. "पहिला थकला असणार." मग भांडं पारखावं तसं त्यांनी इंजिन बोटानं वाजवून त्याला कान लावला.

"ओ काका, हात नका लावू!" रखवालदार ओरडला.

दत्तोबांनी त्यालाच विचारलं, "चालतं का हो हे?"

"नाही. नुसतं बघायचं."

"म्हणजे आमच्यासारखंच."

हातांनी यंत्राला हरवलंय, असं काहीबाही सांगत मी त्यांना इथवर आणलं होतं. कसलं हरवणं! ज्याची गरज संपली त्याचंच आपण असं कौतुक करतो, आणि त्या कौतुकावर कुणाची चूल पेटत नाही.

परतताना ते चहाला घरी आले. आमच्या दाराशी त्यांनीच घडवलेला बंब आहे. मी तो चिंच लावून लखलखीत ठेवतो. दत्तोबांनी सवयीनं तो बोटानं वाजवला. आत ठेवलेल्या आमच्या छत्र्या खडखडल्या. कुणी ओरडावं तसा त्यांनी हात चटकन मागे घेतला.