खुंटीवरचे चोवीस कोट

बुरुल आपाला काहीही चकचकीत दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. भिंतीला नवा रंग दिसला की ती नखाने खरवडून बघायची, खाली काय दडवलंय ते. आणि का नाही बघणार? किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या एका सरकारी शाळेचं भांडार एकोणतीस वर्षं सांभाळलेली बाई ती. खडू, बादल्या, पडदे, कुलुपं, सगळ्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला. शिकवायचे मास्तर, पण वरून तपासणी आली की शाळा सजवून उभी करायची ती आपाने. शेजारच्या शाळेतून सूक्ष्मदर्शक उसने आणायचे. मुख्याध्यापिकेच्या खोलीतलं रबराचं झाड, साहेब जिन्यात असेपर्यंत, मागच्या दाराने पुढच्या वर्गात पोचवायचं. एकदा ती कुंडी तिच्या पायावर पडली, अंगठ्याचं नख गेलं, पण बाईने तोंडातून ब्र काढला नाही.

आणि मुलं! वाचताना अडखळणारी, पाढ्यात चुकणारी पाच-सात पोरं कुठल्याही वर्गात असायचीच. तपासणीच्या दिवशी ती सगळी आपाच्या कोठीत. बादल्यांच्या पलीकडे बाक टाकून ती त्यांना बसवायची, पुढ्यात रुमालभर गरम बोरसोक ठेवायची आणि ओठांवर बोट ठेवून दाखवायची. पोरं तळलेल्या पिठाच्या त्या गोळ्यांवर खूश, वर साहेब खूश. "चारचौघांत पोरांची शोभा होण्यापेक्षा हे बरं," असं ती म्हणायची, आणि तिला ते मनापासून पटलेलं होतं.

गेल्या वसंतातली तपासणी तिची शेवटची. उन्हाळ्यात ती निवृत्त झाली. पण त्याच वसंतापासून तिची नात बेगाइम, त्याच शाळेतली, वर्गात तोंड उघडेनाशी झाली. घरी विचारलं तर हो-नाही, शाळेत तेवढंही नाही. डॉक्टर झाले, मुल्लांची फुंकर झाली. शेवटी नोव्हेंबरात बेगाइमची आई जिपार इरेला पेटली. आपाची ही मुलगीही तिला आपाच म्हणायची.

"आपा, माझं ठरलंय. डोंगराच्या अंगाला ती नवी इंटरनॅशनल शाळा झालीय ना, तिथे घालते हिला. वर्गात मोजकी मुलं, मायेने शिकवतात म्हणे. शनिवारी पालकांना बोलावलंय. तिथेच सही करून टाकते."

"एवढी घाई कशाला? आधी मला बघू दे."

"तू काय बघणार? तुला इंग्रजीचं अक्षर येतं का?"

"नसेल येत. पण लोकांना दाखवायला सजवलेली शाळा मला वासाने कळते."

"झालं! आता तिथे जाऊन भिंती खरवड."

शनिवारी तिघी गेल्या. बाहेर चिखलात मिसळलेला बर्फ, आत आरशासारखी फरशी. राखाडी सूट घातलेली संचालिका पालकांना घेऊन फिरत होती आणि गोड गोड बोलत होती. आपा मागे मागे. तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, धूळ नाही. मुलांच्या संडासात डोकावली. साबण होता, आणि मेला वापरून झिजलेलाही होता. वाचनालयातली पुस्तकं उघडून पाहिली; पानांना पोरांच्या बोटांचे डाग होते. काही म्हणजे काही सापडेना. आपाचा संशय आणखीनच बळावला.

मग कोट ठेवायची जागा लागली. तिसरीच्या खुंट्या वेगळ्या होत्या. आपाने सवयीने मोजलं. चोवीस कोट, खाली बुटांचे चोवीस जोड.

समोरच्याच वर्गात तिसरी बसली होती. बाईंनी प्रश्न विचारला की सगळे हात सरसर वर. आपाने डोकी मोजली. एकोणीस. परत मोजली. एकोणीसच.

"मॅडम, तुमची पाच मुलं कुठायत?"

"आज आजारी आहेत, आपा."

"ह्या थंडीत कोट-बूट इथे ठेवून आजारी पडली?"

दोन-चार पालक हसले. संचालिकाही हसली, आणि लगबगीने सगळ्यांना सभागृहाकडे घेऊन गेली. जिपारने आईचा दंड दाबला. "आपा, पाया पडते तुझ्या, इथे तरी नको. पोरीचा प्रश्न आहे गं."

"पोरीचाच म्हणून तर विचारतेय," आपा पुटपुटली. "तू बस जा आत. सही मात्र मी आल्याशिवाय करायची नाही. मी हिला जरा बाथरूमला नेऊन आणते."

बेगाइमचा हात धरून ती जिना उतरली. वाट कुणाला विचारायची गरज नव्हती. अशी खोली कुठे असते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तळघरात, गरम पाण्याच्या नळांपाशी, जिथे उबेला पोरं पेंगतात तिथे. तिसरं दार तिने ढकललं.

सापडली! बादल्या, झाडू, एक बाक, बाकावर पाच मुलं, पुढ्यात बिस्किटांची बशी. कमरेला किल्ल्या लावलेली, तिच्याच वयाची एक बाई दचकून उठली. तेवढ्यात तिला बेगाइम दिसली.

"अगं बाई, ही एक वरच राहिली होती का? ये गं बाळा, बस इथे. बिस्कीट घे."

आपाने तोंड उघडलं होतं. चांगली खरडपट्टी काढायची होती तिला. पण बेगाइमने तिचा हात सोडला. ती गुमान बाकाच्या टोकाला जाऊन बसली, गुडघे जुळवले आणि स्वतःच ओठांवर बोट ठेवलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आपाने ते बोट ओळखलं. तिने ह्याच पोरीला वसंतात स्वतःच्या हाताने कोठीत नेऊन बसवलं होतं. वाचताना अडखळते, साहेबांपुढे रडेल, म्हणून. सगळ्यांत मोठा बोरसोक तिलाच दिला होता. आणि लाडाने म्हणाली होती, "हूं की चूं करू नकोस हं. आवाज बाहेर गेला तर आपाची नोकरी जाईल."

ती बाकाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. "ऊठ सोन्या, घरी जाऊ."

बेगाइमने बोट ओठांवरून जरासं बाजूला केलं. "आपा, तेव्हा मला शिंक आली होती," ती कुजबुजली. "म्हणूनच गेली ना तुझी नोकरी?"

आपाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "नाही गं माझी बाय. मी म्हातारी झाले म्हणून गेली. शिंकेनं नाही. मीच खोटं बोलले होते तुझ्याशी." किल्ल्यावाली बाई दाराशी आडवी आली.

"ताई, मुलांना वर नेऊ नका हो," ती हात जोडून म्हणाली. "नोकरी जाईल माझी."

"असंच म्हणायचे मीही," आपा म्हणाली. "चला रे पोरांनो, उठा."

सभागृहाचं दार तिने खांद्याने ढकललं. संचालिका बोलताबोलता थांबली. सहा मुलं आपाच्या मागे ओळीने उभी होती.

"ही तुमची पाच, मॅडम. बरी झाली. मोजून घ्या."

मग तिने जिपारकडे पाहिलं. जिपारच्या मांडीवर कागद होता, हातात पेन.

"ही शाळा नको, जिपार. का ते ह्या पाच जणांना विचार," ती म्हणाली. "आणि तू सहा महिने डॉक्टरांना विचारत फिरलीस ना, हिला काय झालं म्हणून? मला विचारायचं होतंस. मी बसवलं हिला गप्प."

सगळे माना वळवून बघत होते. आपाने आवाज खाली आणला नाही.